तिकडची डॉक्टर

माझ्या थोरल्या जाऊबाई डॉक्टर आहेत असं सांगितलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. "कशाच्या?" विचारतो. पायांच्या, म्हटलं की पुन्हा सैल पडतो. "म्हणजे हाडांच्या?" नाही हो, पायांच्या. घोट्यापासून खाली जे काही आहे त्या सगळ्याच्या. मग तो हसतो आणि म्हणतो, "म्हणजे लोकांच्या पाया पडायची डिग्री!" हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. जाऊबाई तो पुरा व्हायच्या आतच हसून घ्यायच्या. लवकर हसलं की लवकर सुटका होते, असं त्यांचं म्हणणं.

त्या शिकल्या परदेशात, मावशीकडे राहून. जायचं होतं साध्या डॉक्टरकीला. ते थोडक्यात हुकलं आणि कुणीतरी ही वाट दाखवली. गेल्या त्या नाइलाजानंच. पण पहिल्या वर्षी पाऊल उघडून पाहिलं आणि तिथेच अडकल्या. मला सांगायच्या, "अगं, एवढ्याशा जागेत किती दाटीवाटीनं हाडं बसवलीत, आणि वर अख्खा माणूस उभा केलाय. तरी लोक म्हणतात, पायातली वहाण पायातच बरी."

त्या देशात ही विद्या म्हणजे पोरखेळ नाही. कॉलेज झाल्यावर पुन्हा कित्येक वर्षं शिकायचं, मग इस्पितळात राबायचं, मोठ्या डॉक्टरांची बोलणी खायची, तेव्हा कुठे पायावर सुरी चालवायला मिळते. जाऊबाईंनी ती चालवली. वाकडे अंगठे सरळ केले, मोडलेले घोटे जुळवले, सडत चाललेली पावलं वाचवली. पांढऱ्या कोटावर नावाच्या आधी 'डॉक्टर' असं लिहिलेलं असायचं. तिथे त्यांचे एक सर होते, तोंडाचे फाटके पण माणूस सोन्यासारखा. ते म्हणायचे, हिच्या बोटांना डोळे आहेत.

लग्न तिथेच झालं, मुलगी तिथेच झाली. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, इंजिनियर. त्यांच्या कंपनीनं त्यांना मोठा हुद्दा देऊन इकडे या देशात धाडलं. माझा नवरा आधीपासून इथेच नोकरीला होता. दोन्ही लेक एका शहरात येणार म्हणून सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. जाऊबाईंच्या कामाचं काय, हा प्रश्न निघाला तो अगदी शेवटी, सामान बांधून झाल्यावर. भाऊजी म्हणाले, "त्यात काय एवढं? पाय काय, सगळीकडेच असतात."

पाय सगळीकडे असतात हे खरं. पायांचे डॉक्टर सगळीकडे नसतात.

नोंदणीच्या कचेरीत मी जाऊबाईंबरोबर गेले होते, पुतणीला सांभाळायला. काउंटरमागची बाई फार गोड होती. गोड माणसांशी भांडताही येत नाही. तिनं जाऊबाईंची सगळी प्रमाणपत्रं पाहिली, दोनदा पाहिली, आणि कौतुकानं मान हलवली.

"तुमचं शिक्षण खूपच झालंय हो," ती म्हणाली. "आमच्याकडे एवढ्या शिक्षणाला खण नाही."

"खण?"

"म्हणजे बघा, आमच्याकडे एक तर डॉक्टर असतात, नाही तर पोडिआट्रिस्ट. डॉक्टर व्हायचं तर मेडिकल कॉलेजला पहिल्या वर्षापासून बसा. पोडिआट्रिस्ट व्हायचं तर एक परीक्षा द्या आणि थोडे दिवस कुणाच्या तरी हाताखाली काढा."

"मी ऑपरेशनं करते," जाऊबाई म्हणाल्या.

"तिकडे," ती बाई तितक्याच गोडीनं म्हणाली. "इकडे पोडिआट्रिस्टनं कातडीच्या वर राहायचं. नखं, कुरूपं, घट्टे, भेगा, बुटात घालायचे सोल. कातडीच्या खाली गेलं की ते सर्जनचं. इंजेक्शन नाही, औषध लिहून देणं नाही. आणि नावाआधी डॉक्टर लावायचं नाही, तेवढं मात्र सांभाळा. त्याचा इथे गुन्हा होतो."

बाहेर आल्यावर जाऊबाई जिन्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "चल, पोरीला भूक लागली असेल."

पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं, आणि घरात लहान मूल. त्यांनी परीक्षा दिली. परीक्षेत त्यांना प्लास्टिकच्या पायाची नखं कापायला लावली आणि पाय बुडवायचं टोपलं निर्जंतुक कसं करतात ते विचारलं. परीक्षक त्यांच्याहून बराच लहान होता. "छान, नखाच्या कडेनं घाई नाही केलीत," म्हणून त्यानं शाबासकी दिली. ही शाबासकी जाऊबाई घरी आल्यावर नक्कल करून सांगायच्या आणि आम्ही हसून लोटपोट व्हायचो. काही दिवसांनी त्यांनी ती नक्कल करणं सोडून दिलं.

नोकरी मिळाली ती बाजाराच्या रस्त्यावरच्या एका पायांच्या क्लिनिकमध्ये. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. भिंतीतून ड्रायक्लीनरच्या रसायनाचा वास यायचा आणि नखं घासायच्या मशीनचा पांढरा भुगा सगळ्या वस्तूंवर बसायचा. मागे-पुढे होणाऱ्या दोन खुर्च्या, काचेवर एका गुलाबी पावलाचं चित्र. मालकीणबाईंचं आधी ब्युटी पार्लर होतं. तोटा व्हायला लागला तसं त्यांनी पार्लर बंद करून हे काढलं, खुर्च्या त्याच ठेवल्या. काउंटरवर बसायला त्यांना कुणी तरी हवं होतं, तर जाऊबाईंनी माझं नाव सांगितलं. मी फोन घ्यायची, वेळा द्यायची, टॉवेल धुवायला टाकायची. म्हणून तिथलं पुढचं जे सांगणार आहे ते सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

घरात जाऊबाईंच्या कामाचा विषय निघाला की वारा वेगळ्या दिशेनं वाहायला लागायचा. भाऊजी ऑफिसच्या पार्ट्यांत "मिसेस मेडिकल लाइनमध्ये आहे" एवढंच सांगून ताट भरायला उठायचे. एकदा त्यांच्या साहेबाच्या बायकोनं खोदून विचारलं आणि जाऊबाईंनी सरळ सांगितलं की आज मी अकरा जणांची नखं कापली. घरी पोचल्यावर भाऊजी म्हणाले, "थोडं झाकून बोलता येत नाही का?" त्यांची इंजिनियरिंगची पदवी तीच होती, तिकडेही आणि इकडेही. कुणी त्यांना पूल उलटा बांधून दाखवा म्हटलं नव्हतं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या अंगठ्याचं नख आत रुतलं होतं. चालताना ओठ आवळून घ्यायच्या. जाऊबाईंनी त्यांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, दार लावून घेतलं, आणि ते नख असं सोडवलं की सासूबाईंना दुसऱ्या दिवशी कळेना, दुखत कुठे होतं. दोन दिवसांनी शेजारीण विचारायला आली तर सासूबाई म्हणाल्या, "थोरल्यानं मोठ्या स्पेशालिस्टकडे नेलं होतं मला." जाऊबाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नंतर मी धुसफुसायला लागले तर मलाच म्हणाल्या, "जाऊ दे गं. सुनेनं पाय धरले असं सांगण्यापेक्षा स्पेशालिस्ट बरा वाटला त्यांना. खोटं कुठे बोलल्या?"

क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत एक ड्रायव्हरकाका होते. उभा जन्म बस चालवली, आता निवृत्त. एकटेच राहायचे, मुलगी दुसऱ्या शहरात. रक्तात साखर इतकी जुनी की पावलांची जाणीव गेलेली. बुटात खडा गेला तरी त्यांना संध्याकाळी बूट काढल्यावर कळायचं. म्हणून ते नेमानं पाय दाखवायला यायचे आणि आले की क्लिनिक डोक्यावर घ्यायचे. "माझ्या उजव्या पायानं आयुष्यभर ब्रेक दाबलाय डॉक्टर, त्याला पेन्शन द्या!" जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "काका, मला डॉक्टर म्हणू नका." काका म्हणाले, "मग काय म्हणू? नखवाली?" काका डॉक्टरच म्हणत राहिले आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं.

एका शुक्रवारी काका आले ते गप्प. जाऊबाईंनी मोजा काढला. अंगठ्याच्या मागे, तळव्यावर जो जुना घट्टा होता त्याच्याखाली गळू धरलं होतं. पाऊल तांबडं, गरम, तट्ट. अंगात ताप. जाऊबाईंनी बॉलपेन घेतलं आणि जिथवर लाली होती तिथे पायावर रेघ ओढली.

"काका, ही रेघ पुसायची नाही. आता इथून सरळ मोठ्या इस्पितळात जायचं. घरी नाही, सरळ इस्पितळात. ही चिठ्ठी दाखवा. हे आजच कापून मोकळं करायला हवं."

"तुम्हीच करा की."

"मला परवानगी नाही."

"तुम्हाला येत नाही?"

"येतं," जाऊबाई म्हणाल्या. "परवानगी नाही."

काकांना त्यातला फरक कळला नाही. तसा तो कुणाला कळतो? मी त्यांना टॅक्सीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला गेलो तर काका पायरीवर बसलेले. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, कारण बूट चढत नव्हता. शनिवार होता, पुढे जोडून सुट्ट्या आल्या होत्या, मालकीणबाई गावाला गेल्या होत्या. काका सांगायला लागले. इस्पितळात तोबा गर्दी. ताटकळत बसले. शेवटी एका नवख्या डॉक्टरनं उभ्या उभ्या पाहिलं, चिठ्ठी वाचली, "पोडिआट्रिस्टनं लिहिलीय का?" म्हणाला, गोळ्या दिल्या, आणि पायांचे सर्जन मंगळवारी येतात, तेव्हा या म्हणाला.

जाऊबाईंनी पाय वर घेतला. लाली रेघ ओलांडून घोट्याकडे चढली होती. काकांना हुडहुडी भरली होती आणि ते मधूनच विचारत होते, आज बस वेळेवर आहे ना.

जाऊबाईंनी इस्पितळात फोन लावला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. बराच वेळ गाणं वाजलं. मग कुणीतरी उचललं. जाऊबाईंनी सगळं सांगितलं, थोडक्यात आणि नीट. पलीकडून प्रश्न आला, "आपण कोण बोलताय?"

"मी पोडिआट्रिस्ट."

"मग तुमच्याकडे डॉक्टर असतील त्यांना बोलायला सांगा."

"इथे डॉक्टर नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. पलीकडे पुन्हा गाणं सुरू झालं. त्यांनी फोन ठेवला.

त्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धुवायला लागल्या. मी त्यांना रोज हात धुताना पाहायची, पण हे वेगळं होतं. कोपरापर्यंत, बोटाबोटाच्या बेचक्यात, परत पहिल्यापासून. तिकडे असेच हात धूत असतील. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक डबा काढला. तिकडची त्यांची हत्यारं होती त्यात. दर महिन्याला त्या ती आमच्या निर्जंतुक करायच्या यंत्रातून काढून पुन्हा बांधून ठेवायच्या. का, असं मी कधी विचारलं नव्हतं.

"अगं, तो दिवा धर."

"जाऊबाई, आपल्याला हे..."

"माहीत आहे मला. तू नाही धरलास तरी चालेल. घरी गेलीस तरी चालेल. मी एका हातानं धरीन."

मी दिवा धरला. दोन्ही हातांनी धरला, हलू दिला नाही.

त्यांनी कापलं. मी तिकडचं इस्पितळ पाहिलं नव्हतं, पांढरा कोट पाहिला नव्हता, सरांना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळं एकदम पाहिलं. एरवी खांदे पाडून, खाली बघत वावरणारी ही बाई त्या लहानशा स्टुलावर अशी बसली होती की खोलीचं मालकपण तिच्याकडे आलं होतं. पू भसकन बाहेर आला. वास असा की ड्रायक्लीनरच्या वासाला मागे टाकलं. काका वर छताकडे बघत होते.

"कधी सुरू करताय?" त्यांनी विचारलं.

"संपत आलं, काका."

"कापलंत? मला वाटलं पुसताय."

जाणीवच गेलेल्या पायाला इंजेक्शन कशाला लागतंय? तेवढा एक नियम मोडायचा वाचला.

जखम धुऊन, आत पट्टी भरून, बांधून झाल्यावर जाऊबाईंनी एका कागदावर काय सापडलं, काय केलं, कुठे कापलं, किती खोल, सगळं लिहिलं. खाली सही केली. मी म्हटलं, "सही कशाला? आपोआप फुटलं असं लिहा ना." त्या म्हणाल्या, "पुढच्या डॉक्टरला खरं कळलं नाही तर काकांचा पाय जाईल." मग मला म्हणाल्या, "तू बरोबर जा. आता उघडी जखम आहे, आत घ्यावंच लागेल त्यांना."

घेतलं. मोठ्या सर्जनना घरून बोलावलं. काकांचा पाय वाचला, एक बोटही गेलं नाही.

मंगळवारी त्या सर्जनचा क्लिनिकवर फोन आला. मी जोडून दिला. जाऊबाईंनी नंतर सांगितलं ते असं. सर्जन म्हणाले, "काम स्वच्छ आहे. मी असतो तर तिथेच आणि तेवढंच कापलं असतं. तुम्ही कुठे शिकलात?" जाऊबाईंनी सांगितलं. मग ते म्हणाले, "मला हे वर कळवावं लागेल. न कळवणं माझ्या हातात नाही."

"माझ्याही हातात नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या.

चौकशी बसली. लांब टेबल, त्यामागे तिघं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि कुणीच पाणी पीत नव्हतं. मालकीणबाईंनी आधीच सांगून टाकलं की आपण गावाला होतो, आपल्याला काही ठाऊक नाही, ही हत्यारं आपल्या क्लिनिकची नाहीत. मला विचारलं, दिवा धरलात का? मी हो म्हटलं. जाऊबाईंनी बजावलं होतं, जे विचारतील ते खरं सांगायचं, माझ्यासाठी एक शब्द वाकडा करायचा नाही.

मग काका आले. इस्त्रीचा कोट, तेल लावून बसवलेले केस, दोन्ही पायांत बूट. आपण बाईंना सोडवायला आलोय अशा थाटात ते बोलायला उभे राहिले. "साहेब, या डॉक्टरनं माझा पाय वाचवला. अहो, तुमच्या इस्पितळानं मला गोळ्या देऊन घालवलं, या डॉक्टरनं नाही घालवलं."

टेबलामागच्या मधल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही यांना डॉक्टर म्हणता?"

"पहिल्यापासून! मी काय, माझ्यामुळे अर्धी वस्ती डॉक्टर म्हणते."

"त्या हरकत घेत नाहीत?"

"कशाला घेतील? डॉक्टर आहेत त्या!"

जाऊबाईंनी डोळे मिटले. एका आरोपाचे दोन झाले होते, आणि काका अभिमानानं सगळ्यांकडे बघत होते.

शेवटी मधल्या गृहस्थांनी जाऊबाईंना एकच विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट बाईंना सोडायचंच त्यांच्या मनात असावं असं वाटलं. "बाई, तुमच्या हातून वाईट काम झालं असं इथे कुणीच म्हणत नाही. ते काम तुमचं नव्हतं, एवढंच म्हणणं आहे. पुन्हा असा पेशंट आला तर काय कराल?"

याचं उत्तर काय द्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. वकिलानं आदल्या दिवशी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. भाऊजी मागच्या रांगेत बसून ओठ हलवत होते, जसं काही शाळेतल्या पोरीला कविता आठवून देताहेत.

जाऊबाई म्हणाल्या, "इस्पितळात पाठवीन." सगळ्यांनी श्वास सोडला. मग त्या पुढे म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच परत आला, तर कापीन."

दोन वर्षांसाठी त्यांचं काम बंद केलं. नखंसुद्धा कापायची नाहीत.

घरी आल्यावर भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "एक वाक्य! एक वाक्य गिळता आलं नाही तुला?"

"आजपर्यंत गिळतच आलेय," जाऊबाई म्हणाल्या. "पोट भरलं माझं."

काका नंतर एकदा घरी आले होते, फळं घेऊन. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की काही तरी बिनसलंय. चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघताना दारात उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, मी तिथे चांगलंच बोललो ना?"

"हो काका," जाऊबाई म्हणाल्या. "फार चांगलं बोललात."

ते दोन्ही पायांवर जिना उतरून गेले. त्यानंतर दोनेक वर्षं होते. गेले ते हृदयाच्या दुखण्यानं.

पण जाऊबाईंचं इथवरच थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, एक देश नाठाळ निघाला, दुसरा तरी आहे. त्यांनाही तसंच वाटलं. काम बंद झाल्यावर महिनाभर त्या खिडकीशी बसून असायच्या, आणि मग एका सकाळी एकदम उठल्या. तिकडच्या सरांना फोन केला. सर आता म्हातारे झाले होते पण आवाज तोच. "तू ये," म्हणाले. "तुझी खुर्ची मी दुसऱ्या कुणाला बसून गरम करू दिली नाहीये." जाऊबाईंचा चेहरा असा उजळला की पुतणी मला कानात म्हणाली, "काकू, आई हसतेय." तिला घेऊन जायचं, शाळा तिकडे घालायची, भाऊजींनी जमेल तसं यावं. भाऊजी हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. जाऊबाईंनी बॅगा काढल्या. मी मदतीला होते. पुस्तकं, मुलीचे स्वेटर, तो हत्यारांचा डबा.

सरांचा फोन आला तेव्हा आम्ही बॅगेची चेन ओढत होतो, ती बसून लावावी लागत होती, मी बॅगेवर बसले होते. जाऊबाई फोन घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या. लगेच परत आल्या.

तिकडे पुन्हा काम सुरू करायचं तर अर्जात विचारतात, दुसऱ्या कुठल्या देशात तुमच्यावर कारवाई झाली आहे का. जाऊबाईंनी हो लिहिलं होतं. नसतं लिहिलं तरी आता सगळीकडच्या नोंदी एकमेकांना कळतात. तिकडच्या मंडळानं कळवलं की इकडची बंदी उठेपर्यंत, आणि इकडचे लोक ही बाई पुन्हा योग्य आहे असं म्हणेपर्यंत, आम्हीही काही करू शकत नाही. सर भांडले म्हणे. कुणाकुणाच्या दाराशी गेले. म्हणाले, अरे, ज्या कामाची शिक्षा झालीय तेच काम इथे आपण तिला शिकवलं, दर आठवड्याला करून घेतलं! मंडळानं उत्तर दिलं की काम कोणतं हा मुद्दा नाही, नियम मोडला हा मुद्दा आहे.

जाऊबाईंची पदवी या देशात शिरताना कितीदा अडवली, उलटीपालटी करून पाहिली, आणि शेवटी दाराबाहेर ठेवायला लावली. डागाला मात्र कुणी अडवलं नाही. तो त्यांच्याआधी जाऊन तिथे बसला होता.

मी बॅगेवरून उठले. चेन आपोआप उसवत गेली. मी म्हटलं, "दोन वर्षांनी उठेल की बंदी."

"उठेल," त्या म्हणाल्या. "मग मला पुन्हा नखं कापायची परीक्षा द्यावी लागेल." आणि स्वेटर घड्या करून कपाटात लावायला लागल्या.

बंदी उठली तेव्हा त्यांनी परीक्षेला अर्ज केला नाही. सर त्याआधीच गेले होते. मी मालकीणबाईंचं काउंटर सोडलं, दुसरीकडे लागले. भाऊजींना बढती मिळाली. जाऊबाई आता बुटांचे सोल बनवणाऱ्या एका कारखान्यात जातात. गावोगावच्या क्लिनिकांतून पावलांचे प्लास्टरचे साचे तिथे येतात, त्यावर चामडं आणि फोम बसवून सोल तयार करायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते. लांबलचक खोली, फळ्यांवर पांढरी पावलं, शेकड्यांनी, प्रत्येकावर एक आकडा. जाऊबाई एक साचा हातात धरून बोटांनी चाचपत होत्या. म्हणाल्या, "हा माणूस डावीकडे झुकून चालतो. कंबर दुखत असणार याची." मी विचारलं, "मग त्याला सांगत का नाही?" त्या म्हणाल्या, "कोण आहे तो, मला कुठे माहीत? आणि सांगायची परवानगीही नाही." साचा जागेवर ठेवला आणि दुसरा उचलला. तिथे त्यांच्याशी कुणी वाईट वागत नाही. साहेब चांगला आहे, सुट्ट्या वेळेवर मिळतात. मला तर कधी कधी वाटतं, वाईट वागले असते तर बरं, निदान भांडायला कुणीतरी समोर असतं.

गेल्या महिन्यात पुतणीचा वाढदिवस होता. शाळा संपत आलीय तिची. जेवणं झाल्यावर भाऊजींनी विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंस? ती जरा लाजत म्हणाली, "फिजिओथेरपी करावं म्हणतेय." भाऊजींनी टाळी वाजवली. माझ्या नवऱ्यानं "घरात डॉक्टर येणार!" म्हणून आरोळी ठोकली. सासूबाईंनी फोनवरून आशीर्वाद दिले. जाऊबाई टेबल पुसत होत्या.

"आधी बघ," त्या म्हणाल्या, "ते कुठे कुठे चालतं."

"म्हणजे?"

"कुठल्या देशात चालतं, कुठल्या देशात नाही, ते नीट बघून घे. आणि जिथे चालतं तिथल्याच माणसाशी लग्न कर."

सगळे हसले. पुतणी तर पोट धरून हसली. मी भाऊजींकडे पाहिलं. ते हसता हसता थांबले होते आणि समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघत होते. जाऊबाईंनी फडकं पिळलं, नळ बंद केला, आणि कुणाला कॉफी हवी आहे का, असं विचारलं.